लोडस्टारच्या खणातली प्रार्थना

मी, ओटिलिया कोनराड मोराश, वय सत्तर, हायस्कूल उत्तीर्ण, व्यवसाय घरकाम, राहणार कोलब, पालूस टेकड्या, वॉशिंग्टन राज्य, आज मंगळवार दिनांक ७ जुलै १९८७ रोजी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर माझ्या मनाने हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे.

परवा, गुरुवारी, स्पोकेनच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "मोराशबाई, घाबरू नका." मी मान हलवली. मला भीती कशाची वाटते ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

१९८४ साली केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, पण एक गोष्ट गाळलेली होती.

कलम १. माझा मुलगा रुबेन याच्याकडे जमीन त्याच्या वडिलांनीच दिलेली आहे, त्यात मला बोलायचं नाही. हे राहतं घर मुलगी विल्मा हिला द्यावं. छपराच्या उत्तरेकडच्या फळ्या बदलाव्या लागतील. बँकेतली शिल्लक दोघांत सारखी वाटावी, त्यातून आधी चर्चचा दशांश काढावा आणि शवपेटी साध्या पाइन लाकडाची घ्यावी. पितळी कड्या मला नकोत.

कलम २. मागच्या ओसरीवरचा पांढरा फ्रीजही विल्माचा. तो १९५१ साली घेतला. ट्रक बनवणारी इंटरनॅशनल कंपनी त्या काळात फ्रीजही बनवायची आणि माझा नवरा कोनराड याला घरात दुसऱ्या कोणाचं लोखंड चालत नसे. विल्मा आली की म्हणते, "आई, हा फ्रीज आहे की ट्रॅक्टर? सुरू झाला की कपबशा नाचतात." तरी छत्तीस वर्षं दूध नासलेलं नाही. विल्माने त्यात अंडी ठेवावीत, नावं ठेवू नयेत.

कलम ३. कोबी चिरायची मोठी लाकडी किसणी माझी नणंद माटिल्डा हिच्याकडे आहे. १९५९ च्या ऑक्टोबरात ती आठ दिवसांसाठी नेली होती. आता ती तिलाच ठेवू द्यावी. फक्त ती माझी होती, एवढं तिला एकदा सांगावं.

कलम ४. शेडमध्ये इंटरनॅशनलची लाल पाटी उभी करून ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीने शेतीची अवजारं विकून टाकली आणि गावातलं दुकान बंद झालं, तेव्हा ती रुबेनने उतरवून आणली. पुढच्या वर्षी उरलेल्या कंपनीने नावही बदललं. कोनराड हे बघायला नव्हता, ते बरं झालं. त्याचे वडील रशियातल्या व्होल्गाकाठच्या जर्मन गावातून इकडे आले, त्यांनी पहिलं कापणीयंत्र घेतलं ते याच कंपनीचं. मग चौतीस सालचा ट्रक, मग लढाईनंतरचा, मग आमचा. आमच्याकडे माणूस कुठल्या चर्चचा ते आधी विचारत आणि लगेच ट्रॅक्टर लाल, म्हणजे इंटरनॅशनलचा, की हिरवा, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा, ते विचारत. माझा भाऊ गॉटफ्रीड याने त्रेसष्ट साली हिरवा ट्रॅक्टर आणला, तर कोनराड दोन नाताळ त्याच्या शेजारी बसला नाही. ही पाटी गॉटफ्रीडला द्यावी. त्याला डिवचायला नव्हे. थोडं त्यासाठीही.

कलम ५. कोनराडचे पाने, जॅक आणि साखळ्या रुबेनला.

कलम ६. शेडमधला ट्रक. इंटरनॅशनल लोडस्टार १६००, सन १९६६, गव्हाचा हौदा असलेला.

हे कलम मी सकाळपासून तीनदा सुरू करून खोडलं. आता सरळ लिहिते.

हा ट्रक आला तेव्हा त्याच्या ड्रायव्हरशेजारच्या, कागदपत्रं ठेवायच्या खणाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. बारीक अक्षरं, आकडेच आकडे. मला वाटलं, दुकानदाराची चिठ्ठी असेल. झाकण सपाट होतं, जागा बरी दिसली. मी चर्चच्या दिनदर्शिकेतली प्रवासाची जर्मन प्रार्थना कापली, मैद्याची खळ केली आणि ती त्या कागदावर नीट चिकटवली. कापणीत आमच्याकडे पुरुष कंबाइनवर, म्हणजे कापणीयंत्रावर असतात आणि ट्रक बायका-मुली हाकतात. क्रिस्टमान घाट उतरून नदीवरच्या कोठारात गहू नेणारी मीच होते. सहा कापण्या मी ती प्रार्थना वाचून घाट उतरले. महिला मंडळात सांगितलंही, की माझ्या ट्रकला ब्रेकपेक्षा प्रार्थनेचा आधार जास्त. सगळ्या हसल्या होत्या, मीही.

बाहत्तरच्या जुलैत ब्रेकची लायनिंगं झिजली. कोनराडने ट्रक अल्विन वाइट्झच्या गॅरेजात लावला. अल्विनने घरी फोन केला.

"ओटिलिया, खणाच्या झाकणावर कागद असेल बघ. कोनराड खणातला सगळा पसारा घरी घेऊन गेलाय, झाकणसुद्धा बिजागरी सरळ करायला काढून नेलंय. आकडे वाचून दाखव."

"कसले आकडे?"

"कारखान्यात तुमच्या ट्रकला काय काय बसवलं त्याची यादी असते ती. एकाच साली एकाच नावाचे दोन ट्रक, पण गिऱ्हाइकाने मागितलं तसे ब्रेक वेगळे. नुसतं साल सांगून भाग मागवता येत नाही."

झाकण टेबलावर होतं. मी ते उलटून पाहिलं. प्रार्थना होती. खालच्या कडेला त्या कागदाची एक पिवळी रेघ दिसत होती. गरम पाण्याचं फडकं ठेवलं असतं तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण कापणी दहा दिवसांवर आलेली. अशा वेळी प्रार्थना ओली करून सोलायला मी धजले नाही. आणि कोनराडला कळलं असतं की कंपनीच्या कागदावर मी खळ फासली. त्याचा आवाज मला ऐकू आला, तो बोलायच्या आधीच.

मी फोनवर म्हटलं, "कागद नाही."

तो म्हणाला, "एकदा नीट बघ गं. मला ही नवी आलेली लायनिंगं अरुंद वाटतायत. त्या साली दोन जातीची आली होती."

मी म्हटलं, "अल्विन, कागद कधी नव्हताच."

ट्रकची एक वही मी ठेवत असे. किती मैल, कधी तेल बदललं, कोणी चालवला. त्या दिवशी त्यात लिहिलं आहे, "झाकणावर कागद नाही." त्या वहीत तेवढी एकच ओळ खोटी आहे.

इथवर कोणी म्हणेल, बाईची चूक झाली. पुढचं चूक नाही.

कापणीच्या पहिल्या सकाळी मी कोनराडला म्हटलं, माझा गुडघा दुखतो. गुडघा दुखत नव्हता. मला त्या ट्रकमध्ये बसायची भीती वाटत होती. म्हणजे मला कळत होतं. तो म्हणाला, "बस घरी, मी नेतो." मी त्याला जाऊ दिलं. मी त्याला डबा भरून दिला, चार बीरोक, कोबी आणि मांस भरलेले पाव, अजून गरम.

अकरा वाजता घाटाच्या तिसऱ्या वळणावर ब्रेक तापून सुटले. कोनराडने ट्रक डोंगराच्या बाजूला घातला म्हणून दरीत गेला नाही. गहू रस्ताभर पसरला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो मला म्हणाला, "ओटी, बरं झालं तू नव्हतीस. तुझ्या प्रार्थनेने तुला वाचवलं." हे तो पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला. मी कॉफी ओतत राहिले.

गावाने अल्विनला धरलं. चुकीची लायनिंगं घातली म्हणाले, आणि ते खरंही होतं. वर्षभरात त्याच्या गॅरेजात कोणी फिरकेना. त्याने दार लावलं, कोठारावर मजुरी धरली. चर्चमध्ये तो तिसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेला. कोनराडने त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही टाकलं, आणि लोक म्हणाले, साहजिक आहे.

हे मी थडग्यात नेणार होते. पण रुबेनला यंदा एक ट्रक कमी पडतोय. अपघातापासून शेडमध्ये पडून असलेला लोडस्टार त्याने मे महिन्यात बाहेर काढला. इंजिन सुरू झालं, नळ्या बदलल्या, ब्रेकचं तेल बदललं.

मी विचारलं, "आणि लायनिंगं?"

"ती नवीच आहेत, आई. गेल्या वेळी घातली आणि ट्रक चाललाच कुठे?"

"ती चुकीची होती म्हणतात."

"अल्विनने बसवली चुकीची. मी खोलून नीट बसवली. तू काळजी करू नकोस."

येत्या शुक्रवारी, म्हणजे माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, गेल्या सालचा उरलेला गहू भरून हा ट्रक क्रिस्टमान घाट उतरणार आहे. चालवणार आहे माझी नात कार्ला, वय एकोणीस. रविवारी तिने मला शेजारी बसवून शेतात फेरी मारली. खण उघडून दाखवला आणि म्हणाली, "आजी, तुझी प्रार्थना अजून आहे बघ. मग तोंड का पाडलंयस?"

मला उतरवत नव्हतं. तिने हात धरून उतरवलं.

रात्रंदिवस मला तिसरं वळण दिसतं. हे सगळं लिहून पाकीट बंद करायचं आणि वकिलाकडे द्यायचं, असं मी ठरवलं होतं. आज सकाळी लिहिता लिहिता लक्षात आलं, की मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. मी गुरुवारी गेले तर शनिवारी पुरतील, सोमवारी उघडतील. कार्ला शुक्रवारी घाटात असेल. आणि मी वाचले तर हे उघडणारच नाही, मी पुन्हा कॉफी ओतत बसेन. मी माझ्यासाठी पळवाट लिहीत होते.

म्हणून हे मृत्युपत्र बंद करू नये.

दुपारी दोन वाजता मी अल्विनला फोन केला. म्हटलं, साक्षीदार हवा आहे. तो म्हणाला, "गावात माणसं संपली का?" पण आला. पंधरा वर्षांनी या अंगणात. मी त्याला वरची सगळी पानं वाचायला दिली. तो बोट धरून हळू वाचतो. सहावं कलम त्याने दोनदा वाचलं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.

तो म्हणाला, "अरुंदच होती."

मी त्याच्याकडे वळले.

"हातात घेतली तेव्हाच वाटलं होतं. पंधरा वर्षं मी स्वतःला म्हणतोय, अल्विन, तुला कळत होतं आणि तू घाई केलीस." चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला. "रुबेन कुठे आहे?"

"वरच्या शेतात, कंबाइनचं काम काढलंय. कार्लाही तिकडेच. जेवायला येतील."

"मग चल. गरम पाणी घे आणि एक जाड फडकं."

शेडमध्ये आम्ही झाकणाला ओलं फडकं दाबून धरलं, एकदा त्याने, एकदा मी. प्रार्थना अख्खी सुटून आली. खालचा कागद तपकिरी झाला होता, पण आकडे वाचता येत होते. अल्विनचं बोट एका ओळीवर थांबलं. त्याने तो आकडा तळहातावर लिहून घेतला आणि ट्रकच्या पायरीवर बसला.

मी म्हटलं, "अल्विन, माफ कर म्हणायला मला तोंड नाही."

"मग नको म्हणू. सही कुठे करायची ते दाखव."

तरी मी ठरवते ते असं. हा ट्रक कार्लाचा. त्या कागदाप्रमाणे लायनिंगं बदलून, अल्विनने स्वतः तपासून होकार दिल्याशिवाय तो शेडबाहेर काढू नये. कागद झाकणावर उघडा राहू द्यावा. प्रार्थना कपड्यांच्या तारेवर वाळत घातली आहे, ती कार्लाने घ्यावी आणि दुसरीकडे ठेवावी.

कलम ७. येत्या रविवारी, १२ जुलैला, मी असो वा नसो, पाळकांनी सहावं कलम प्रार्थनेनंतर सर्वांसमोर पूर्ण वाचावं, गुडघ्याच्या गोष्टीसकट. तेव्हा अल्विन वाइट्झ याला तिसऱ्या बाकावर बसवावं.

कलम ८. अल्विनला मी काही ठेवत नाही. १९८४ च्या कागदात कोनराडचे पाने त्याच्या नावे होते, कारण न सांगता. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही दिलं तर सहीवर शंका येते. मी त्याला विचारलं, पाने हवेत की सही? म्हणाला, "पाने माझ्याकडे आहेत."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आणि वाचून पाहिला. यात आता काही गाळलेलं नाही. सहा वाजत आले आहेत. रस्त्यावर धूळ दिसते आहे, रुबेनचीच गाडी असावी. तो आत आला की मी जेवण वाढायच्या आधी हे कागद त्याच्या हातात देणार आहे. मला फार भीती वाटते आहे.

ओटिलिया कोनराड मोराश (सही)
कोलब, वॉशिंग्टन राज्य
७ जुलै १९८७

साक्षीदार पहिली: हुल्डा रेप, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली. मी आत काय आहे ते वाचलेलं नाही, तिने वाचू नको म्हटलं नव्हतं तरी.

साक्षीदार दुसरा: अल्विन वाइट्झ. सही माझ्यासमोर झाली. मी सगळं वाचलं आहे. लायनिंगं स्पोकेनहून मागवली, सोमवारी येतील. आमच्याकडे किल्ली कोणी ट्रकमधून काढत नाही, पण ही मी काढून खिशात ठेवली आहे. रुबेनने मागितली तर त्याने आधी सहावं कलम वाचावं, मग माझ्या घरी यावं.