झऱ्यावरची टेकडी

वरची वाडी, गुंजवणे
दि. १८ मे २०२५

चिरंजीव संपत यास,
रत्नाआक्काचा अनेक आशीर्वाद.

हितं आमी बरे हाओत. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून तुझ्या किकवीतल्या खोलीच्या पत्त्यावर लिहितेय. आईचा गुडघा आता बरा हाय. शेळी व्याली, दोन करडं झाली. एक कुणाचंच ऐकत न्हाई, त्याला आई तुझ्या नावानं हाक मारते.

टेकडीवरचं प्लॉटिंगचं काम थांबलंय. परवा तालुक्याचे साहेब झरा बघायला आले. आपल्या वाडीतल्या फुलाबाईनं त्यांना तिथलंच पाणी प्यायला दिलं. म्हणाली, "साहेब, वैशाखात बी हे आटत न्हाई. टेकडी कापली तर आमी आन् आमची गुरं कुठं जायाचं?" चौकशी होईस्तवर मशीन लावायचं न्हाई, असं साहेबांनी लिहून दिलंय. प्लॉटवाले कोर्टात जाणार म्हणतात. जाऊ देत. आमी बायका पाळीनं टेकडीवर बसतोच हाओत.

आता त्या दिवसाचं लिहिते.

पोकलेन वर येताना आमी पंधरा जणी वाटेत बसलो व्हतो. दगड आला, काच फुटली आन् तू कपाळ धरून खाली उतरलास. कुणी मारला, ते वाडीत अजून कुणाला ठाऊक न्हाई.

संपत, म्याच मारला.

आत कोण हाय ते दिसलं न्हाई, असं लिहिणार व्हते. पण तू मला दिसला व्हतास. परका असता तर हात जोडले असते रे. त्या झऱ्याचं पाणी पिऊन वाढलेला माझा भाऊ मशीनवर बसलेला बघितला आन् माझा तोल गेला.

पोलिसांनी इचारलं तर तू म्हणालास, "खोदताना खडा उडाला." तवर मशीन सुरू बी झालं नव्हतं खोदायला! मग मुकादमाच्या हातात किल्ली दिलीस आन् माझ्याकडं न बघता उतरून गेलास. चार टाके पडले, काम सुटलं, हे मला तुझ्या बायकोकडून, प्रांजलकडून कळलं. मी मात्र गप्प राह्यले.

काल आईला सांगितलं. ती रडली. आज सगळ्याजणींना सांगितलं.

बुधवारच्या एसटीनं येते. बोलायचं नसंल तर बोलू नको. त्या कपाळावरनं एकदा हात फिरवू दे.

तुला दगड मारणारी, तुझीच
आक्का