भोंग्यातला निधी

४ नोव्हें.
सकाळी सरकारी ऑफिसातून नवीन मजकूर आला. 'सागरकिनारा पर्यावरण संवर्धनाच्या अनुषंगाने हरित पट्टा विकसित करण्यासाठी शासनाचा निधी उपलब्ध झाला असून इच्छुक ग्रामस्थांनी...' वगैरे. 'अनुषंगाने'ला जीभ अडखळत होती. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, नितीनने भोंग्याला जोडलं. निघालो. रिक्षा नवऱ्याची, आवाज माझा, नेहमीप्रमाणे.

पाणी बंद, कबड्डीचे सामने, चादरींचा सेल, हरवलेली शेळी. इतक्या वर्षांत भोंग्याला कुणी उलट प्रश्न विचारला नव्हता. आज कोळीवाड्यात हिरामावशी रिक्षासमोर उभी राहिली. डोक्यावर जवळ्याची टोपली.
"पैसा आला हाय म्हनतेस. कशासाठी गो?"
म्हटलं, किनाऱ्यासाठी.
"किनाऱ्याचा काय?"
नितीनने रिक्षा पुढे घेतली.

५ नोव्हें.
आज मुद्दाम रिक्षात बसले नाही. वाण्याच्या दुकानात साखर घ्यायला गेले आणि रिक्षा येईपर्यंत थांबले. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायला विचित्र वाटतं. दुकानात चारपाच जण. एकजण म्हणाला, उद्या पाणी बंद दिसतंय. दुसरा म्हणाला, नाही, झाडांचं काहीतरी आहे. वाणी म्हणाला, निवडणूक असेल.
घरी येऊन मजकूर परत वाचला. मलाही कळला नाही. मग मी काल दिवसभर काय बोलत होते?

७ नोव्हें.
ऑफिसात गेले. नितीन म्हणत होता, आपलं काम बोलायचं, समजून घ्यायचं नाही. तरी गेले.
सावंत मॅडम म्हणून नवीन आहेत. माझ्यापेक्षा लहान. त्यांना आधी वाटलं मी बिल मागायला आले. विचारायला आलेय म्हटल्यावर खुर्ची दिली.

गोष्ट साधी आहे. वादळात किनाऱ्यावरची सुरूची झाडं पडली, तिथे परत झाडांची रांग उभी करायची. खर्च सरकारचा. पण कुठली झाडं, कुठून कुठपर्यंत, हे गावाने ग्रामसभेत ठराव करून कळवायचं. महिनाअखेरपर्यंत ठराव आला नाही तर निधी दुसऱ्या गावाला.
"मग हे का नाही लिहिलं मजकुरात?"
"मजकूर वरून तसाच येतो." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्या शब्दांत सांगा. फक्त खोटं सांगू नका."

८ नोव्हें.
दिवसभर लिहिणं. चार ओळी, पण प्रत्येक ओळीला वाटतं, हे छातीठोक सांगू शकते का मी? 'झाडं लागणार' म्हणू की 'लागू शकतात'? मॅडमना सारखे फोन. शेवटी त्याच हसायला लागल्या. भात करपला.

१० नोव्हें.
नवीन मजकूर वाजवला. 'वादळात आपल्या किनाऱ्यावरचे सुरू पडले. तिथे परत झाडं लावायला सरकारचे पैसे मिळू शकतात. कुठली झाडं, कुठे लावायची, ते आपण ठरवायचंय. ठरवलं नाही तर पैसे दुसरीकडे जातील.'
वरच्या आळीत लोक दारात आले. सुपारीच्या बागा आहेत त्यांच्या, खारा वारा आत येतो म्हणून रडतच असतात. आपटे काकांनी तर हात करून रिक्षा थांबवली, परत वाजव म्हणाले. मला बरं वाटलं.

मग कोळीवाडा. बायकांनी रिक्षाला गराडा घातला.
"झाडां लावाल तं म्हावरा कुठं सुकवाचा?"
"आज झाडां, उद्या पाटी, परवा तारेचा कुंपान."
हिरामावशी नुसती बघत होती माझ्याकडे. नितीनने वायर काढली.
परतताना मी विचार करत होते. चिडले, म्हणजे कळलं. मागच्या खेपेला नाही कुणी चिडलं.

११ नोव्हें.
सरपंचांचा फोन, नितीनला. मला ऐकू येईल इतका मोठा. "वहिनींना सांगा, मजकूर आहे तसा वाचा. गावात दोन तट नकोत." नंतर नितीन म्हणाला, कोळीवाड्यातल्या लग्नांच्या सगळ्या हळदी आपल्या मंडप-साउंडवर असतात. त्यांनी दुसरा बघितला तर खाणार काय? बरोबर आहे त्याचं.

१३ नोव्हें.
एकटीच गेले कोळीवाड्यात. भोंगा नाही, रिक्षा नाही. हिरामावशी जवळा पसरत होती. बस म्हणाली नाही, ऊठही म्हणाली नाही. मीही पसरू लागले. मग तिनेच सुरुवात केली. वादळात पाणी कुठवर आलं ते दाखवलं. तिच्या ओट्याच्याही वर. सुरू होते तेव्हा वाळू अडायची, आता वारा सुटला की ओल्या बोंबलांवर वाळू बसते, भाव पडतो.
"म्हणजे तुम्हाला झाडं हवीत?"
"नको कोन म्हनला? होडी वर घ्याची वाट सोडा, सुकवाची जागा सोडा, बाकी लावा. पन आमाला इचारा तरी."
इतकंच होतं. आणि मी तीन दिवस झोपले नव्हते.

विचारलं, हे तुमच्याच आवाजात भोंग्यावर लावू का?
"माजा आवाज नको. पोरी हसतील."

१४ नोव्हें.
आपलं म्हणणं आपणच सांगितलेलं बरं, म्हणत मावशी तयार झाली. "एकदाच बोलेन, चुकला तरी तसाच ठेवाचा."
मागे वारा, एक कुत्रं, कुणाचा तरी मिक्सर. नितीन अजून रुसलेला होता, पण रेकॉर्डिंग कानाला लावलं आणि राहवेना त्याला. बसून सगळी घरघर काढली. "आवाज खणखणीत आहे गं बाईचा," म्हणाला. मग स्वतःच, "उद्या सरपंचांना आधी ऐकवू. नंतर बोंब नको."

१६ नोव्हें.
सरपंचांनी ऐकलं. दोन्ही बाजू आहेत, मग हरकत नाही म्हणाले.
आधी मी, मग हिरामावशी. कोळीवाड्यात पोरी हसल्याच. मावशी होडीआड जाऊन उभी. वरच्या आळीत आपटे काका कठड्याला टेकून पूर्ण ऐकत होते. शेवटी एवढंच, "वाट सोडली की तिथूनच वारा आत येणार."

२० नोव्हें.
मॅडम किनारा बघायला आल्या. ज्यांना यायचंय त्यांनी या, असं आम्हीच भोंग्यावर सांगितलं होतं, वाटलं पाचदहा येतील. बरेच आले. उंडी लावा, करंज लावा, केवडा लावा. झाडांवर एकमत, वाटेवर नाही. आपटे काका म्हणतात रांग सलग पाहिजे, त्यांच्या निम्म्या सुपाऱ्या वादळात गेल्या, नवीन रोपं अजून गुडघ्याएवढी. मी त्यांना नुसते हट्टी समजत होते.
हिरामावशी म्हणाली, "होडी काय डोक्यावर घेऊन जाऊ?"
मॅडमना विचारलं, वाट सोडली तर मंजूर होईल ना?
"मी तसं लिहीन. वर काय ठरेल ते मला सांगता येणार नाही."
वर म्हणजे कोण, हे विचारायचं राहिलं.

२४ नोव्हें.
ग्रामसभा. एरवी कोरम भरत नाही, आज खुर्च्या आमच्या मंडपाच्या आणाव्या लागल्या. (भाडं नको म्हणाला नितीन. नोंद करून ठेवते.)
भांडण होणार असं धरून चालले होते. झालंही थोडं. मग सरपंचांनी विचारलं, "लावेल सरकार. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?"
इतके दिवस मी भोंगा घेऊन हिंडतेय, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता.
आपटे काका उठले. विहीर माझी घ्या, म्हणाले. पण बागेतून किनाऱ्यापर्यंत पाणी नेणार कोण? हिरामावशी बसल्या जागेवरून, "आमी पाळ्या लावू. रांग आमच्या दारातनं जाते, तर पानी आमीच घालू."
ठराव झाला. झाडं लावायची, होड्यांची वाट आणि सुकवणीची जागा सोडून. वाट किती रुंद, ते जागेवर बसून ठरवायचं. म्हणजे मुख्य भांडण तसंच.
काकांनी हात वर केला नाही. विरोधालाही नाही, मांडीवर तसाच धरून बसले होते.

२८ नोव्हें.
ठराव ऑफिसात पोचला. मॅडमनी फोनवर सांगितलं, वर पाठवला. शेजारच्या गावाहून एक बाई विचारत आल्या होत्या, आमच्याकडे असा निधी आहे का? मला विचारत होत्या. मॅडमचा नंबर दिला, आणि काय काय विचारायचं तेही सांगितलं.

३ डिसें.
वरून काही नाही. मॅडम म्हणाल्या, "वाट बघा. मीही बघतेय." त्यांनाही खरंच माहीत नाही, एवढं आता ओळखता येतं.
कोळीवाड्यातली पहिली हळद आमच्याच साउंडवर. नितीन खूश.

७ डिसें.
हळदीचे स्पीकर उतरवायला नितीनबरोबर गेले होते. संध्याकाळी किनाऱ्यावर आपटे काका दिसले. धोतर सावरत वाळूतून चालताना. त्यांना इकडे कधी पाहिलं नव्हतं. हिरामावशी जाळं झटकत होती. काकांनी काहीतरी विचारलं. ती आधी नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "या, दाखवते."
त्यांना होडीपाशी नेलं. काकांनी दोन्ही हात पसरून होडीची रुंदी धरायचा प्रयत्न केला, पुरले नाहीत. मावशीने पलीकडचं टोक धरलं.
मग दोघं वाळूवर काहीतरी दाखवत बराच वेळ बोलत होती. वारा माझ्या पाठीमागून होता. एक शब्द ऐकू आला नाही.