धाकट्याचा रकाना

ससा वर्ष, वसंताचा शेवटचा महिना, चौथा दिवस. सूर्य डोक्यावर.
तंबूच्या दाराशी बोरू तासत बसलो होतो. शंभर घरांचे प्रमुख बुकातै घोड्यावरूनच म्हणाले, "लिहिता येतं ना तुला? मग आपली यादी तूच कर. दहाव्या दिवशी शिक्का बसेल." दोन हिवाळे उइगुर गुरुजींपाशी अक्षरे गिरवली, ती कामी आली!

नियम सोपा आहे. प्रत्येक घरातला धाकटा मुलगा चुलीपाशी राहील, बाकीचे खानाबरोबर पश्चिमेच्या स्वारीवर. दादाचे नाव स्वारांत लिहिले, माझे चुलीच्या रकान्यात. माझे नाव लिहिताना हात जास्त स्थिर होता. बरे वाटले, मग लाज वाटली.

पाचवा दिवस
बावीस घरे झाली. प्रत्येक नाव दोनदा तपासले. आई म्हणाली, "लेखनिकबुवा, जेवा आता." तिचे दिवस भरत आले आहेत. सुईण सोर्गा मावशी म्हणते, मुलगीच आहे.

सहावा दिवस
वारा नाही. कोकरे उन्हात पडून आहेत. बाबा म्हणाले, "दादा गेला की घोड्या तूच सांभाळ. आणि शरदात तुझ्यासाठी मुलगी बघू." मी तीन वाट्या ताक प्यालो.

सातवा दिवस
जिलगरच्या घरी गेलो. लहानपणापासूनचा मित्र. वडील नाहीत, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. त्याची आई म्हणाली, "अरे, हा चूल काय सांभाळणार? अजून चुलीत हात घालतो. जिलगरलाच धाकटा लिही की."

बुकातैंना विचारून आलो. "धाकटा म्हणजे धाकटा. वय विचारलंय का कुणी?"

जिलगरला स्वारांत लिहिले. तो हसला — "लिही बाबा. तुझं काय, घरी बसून लोणी खा." त्याच्या आईने मला दूध दिले. मी ते प्यालो.

आठवा दिवस
एक्याण्णव घरे. अक्षर आता सुरेख येते आहे. बुकातैंनी कागद उन्हात धरून पाहिला आणि मान हलवली. एवढे कौतुक त्यांनी अजून कुणाचे केलेले नाही.

सोर्गा मावशीचे अंदाज मोजले. बारापैकी अकरा बरोबर.

"शिक्का बसेपर्यंत कळ काढते हो मी," आई हसत म्हणाली. म्हणजे ती पण दिवस मोजते आहे.

नववा दिवस
शंभर घरे पूर्ण. एकही खाडाखोड नाही.

पहाटेपासून आईला कळा. आम्ही पुरुष बाहेर. मी यादी पुन्हा वाचत बसलो, डोळ्यांत काही शिरत नव्हते. दुपारी मावशी बाहेर आली आणि बाबांकडे दारावर टांगायला धनुष्य मागितले. मुलीसाठी कुणी धनुष्य टांगत नाही.

बाळ लालभडक आहे, आवाज मोठा. दादा त्याला तंबूभर नाचवत होता. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. आईने पाहिले. "बुकातैंना सांगायची काय घाई आहे?" ती म्हणाली. "एक दिवस तर आहे."

यादी माझ्याच पिशवीत आहे.

दहावा दिवस. सकाळी, शिक्क्याच्या आधी.
आमच्या घराची ओळ खोडून पुन्हा लिहिली. चुलीपाशी: मुलगा, वय एक दिवस, नाव अजून ठेवलेले नाही.

आमच्या शंभर घरांतून स्वार एकशे एकतीस. काल एकशे तीस होते.