बारशाला आत्याला सांगितलं ते

माय, काल तुझ्या नातीचं बारसं झालं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटतंय. सावळी आहे तुझ्यासारखी, आणि रडायला लागली की सगळी आळी जागी होते.

माझ्या पाठीवर तुझं दोनदा पोट पडलं, दोन्ही वेळा पहिल्या महिन्यांतच. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "पान्याचे हंडे-गुंड उचलते, नाई तं दिवसभर लोळते, मंग कसं टिकन?" तू पोळ्या लाटत राहिलीस. मला अजून दिसतंय, काळी पोत तुझ्या गळ्याला आवळते आहे. तू तीत जास्तीचे मणी ओवून घेतलेस, तर बायका म्हणाल्या, "गळा भरला, सुखाचं अन्न लागून राह्यलं." तुलाही ते खरं वाटलं. वर्ध्याच्या मे महिन्यात तू पांघरूण घ्यायचीस, पण त्याचंही कोणाला नवल वाटलं नाही.

माझंही पहिलं राहिलं नाही, तेव्हा मी स्वतःलाच कोसत बसले. सावंगीच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाचा गळा सुजलेला होता का?" मला तुझी पोत आठवली. रक्त तपासलं, थायरॉइड निघालं. दर वेळी कारण हेच असतं असं नाही, पण यावर इलाज आहे, असं त्या म्हणाल्या. रोज उपाशीपोटी एक गोळी, चहा मागाहून. पुन्हा दिवस गेले तशी त्यांनी गोळी वाढवली, रक्त तपासत राहिल्या. आणि ही आली की गं, चांगली गुटगुटीत!

काल पाळण्यापाशी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बरं झालं, तू मायवर नाई गेली. तिले तं पोट सांभाळता नाई आलं."

मी पाळण्याची दोरी सोडली. "आत्या, मायचा गळा सुजला होता. तो आजार होता अन् तो कोनी पाह्यलाच नाई. तिचा काई गुन्हा नोहता. मी तिच्यावरच गेली, फक्त मले गोळी भेटली."

मग काकू हळूच म्हणाली, "खरं हाय, लय थकून राहे ते." आत्या पाणी प्यायचं निमित्त करून आत निघून गेली.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. मोठ्या माणसाला असं बोलतात का, म्हणून तू मलाच रागावली असतीस. आणि मला तर आत्याचं पडलेलं तोंड पाहून काडीचंही वाईट वाटलं नाही. लय मजा आली, माय.