उंटाच्या पिल्लाच्या पायासाठी

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, दारव्हा, जिल्हा यवतमाळ.

अर्जदार : मानीबाई देवीलाल आडे, धंदा शेती व मुक्या जनावरांचा आसरा चालवणे, राहणार नेरजवळील तांडा.

विषय : दि. २२ जानेवारीच्या नेर बाजारात जनावरांसह झालेल्या गर्दीचा खुलासा, व येत्या शुक्रवारी मिरवणुकीची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या शिपायाने तांड्यावर येऊन दिलेली तोंडी समज.

महोदय,

१. अर्जदार बाई गेली सहा वर्षे तांड्याच्या कडेला टिनाच्या छपरीत आंधळी, लंगडी, टाकून दिलेली जनावरे सांभाळते. संक्रांतीनंतर चार दिवसांनी अमरावती रस्त्याने उंटवाले चालले असता त्यांचे एक पिल्लू मोरीत घसरले व त्याचा पुढचा पाय मोडला. उंटवाले त्याला सोडून निघाले. तेव्हा बाई म्हणाली, "टाकून चालले ना? मंग हे माह्यं." पिल्लू बैलगाडीत घातले, ते मावले नाही, त्याची मान दीर लखीराम याच्या खांद्यावर ठेवून वरात तांड्यावर आली. नाव मैना ठेवण्यात आले.

२. जनावरांच्या डॉक्टरसाहेबांनी तपासून सांगितले, "पाय वाचेल, पण आठ दिवसांत प्लॅस्टर झालं पाहिजे. माझ्याकडं बकरीच्या पायापुरतं आहे. हा पाय बघा केवढा!" प्लॅस्टर, पट्ट्या व औषध अमरावतीहून विकत आणणे भाग होते. आसऱ्यात तेव्हा फक्त कडबा शिल्लक होता.

३. सबब शुक्रवारच्या बाजारात तांड्यातील बायांनी लेंगी, म्हणजे होळीची बंजारा गाणी, गाऊन नाचावे, लखीरामने नगारा वाजवावा व लोकांनी तुपाच्या डब्यात मदत टाकावी असे ठरले. परवानगी घ्यावी लागते हे कोणास सुचले नाही, ही चूक कबूल आहे. शाळेचे भीमराज गुरुजी टिनाच्या भोंग्यातून ओरडत होते, "मुक्या जनावरासाठी जमेल ते द्या!" परंतु नगाऱ्यापुढे भोंगा पुरला नाही. बाजाराच्या पलीकडच्या टोकाला इतकेच ऐकू गेले की मानीबाई मुकी जनावरे मागून राह्यली.

४. त्यानंतर जे घडले त्यास अर्जदार जबाबदार नाही. लोकांनी उदार मनाने चार बोकड, एक शिंग मोडलेला बैल, टोपलीभर बदके व दूध न देता केवळ लाथ देणारी एक म्हैस आणून बांधली. एक पोपटही आला. तो मुका नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मातोश्रींविषयी जे बोलत होता ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखे नाही. म्हैस सुटून बांगड्यांच्या दुकानात शिरली, बदके तिच्यामागे, बाया हसून हसून खाली बसल्या. जमादारसाहेब जमाव पांगवण्यास आले, परंतु तेव्हा नगारा फार जवळ होता. त्यांचे पाय हलले किंवा कसे, याबद्दल अर्जदार काही सांगू इच्छित नाही.

५. डब्यात अकरा रुपये व कोटाची दोन बटणे निघाली. शनिवारी बाई मैनेजवळ बसून रडली. "म्या पाय मागतला, अन् लोकायनं मले शेपट्या देल्या." आठातले पाच दिवस सरले होते.

६. रविवारी म्हशीचा धनी बळीराम हात जोडून उभा राहिला. "बाई, घरी करमत नाही. सकाळी लाथ खाल्ल्याबिगर दिवस उगवल्यावानी वाटत नाही. म्हैस वापस दे." बाई म्हणाली, "घेऊन जा, पन डब्यात मैनासाठी काही टाकून जा." मग एकामागून एक सगळे आले. कोणाची पोरे जेवेनात, कोणाची बायको बोलेना. सर्वांत जास्त पोपटवाल्या उकंडा शिंप्याने दिले. त्याला पाहताच पोपटाने ओळखीची शिवी दिली, तेव्हा उकंडाच्या डोळ्यांस पाणी आले.

७. लखीराम सोमवारी अमरावतीहून सामान घेऊन आला. दुसरे दिवशी, आठव्या दिवशी, प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असूनही डॉक्टरसाहेब सायकलीने आले. सात जणांनी मैनेस धरले व तिने आठव्याच्या, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या, टोपीचा काठ खाल्ला. परवा, दि. ६ मार्च रोजी, प्लॅस्टर निघाले. मैना थरथरत उभी राहिली, आणि उभी राहतच गेली. छपरीचे एक टिन तिच्या डोक्याने उचलले गेले. बाईला हसावे की रडावे कळेना, म्हणून तिने दोन्ही केले.

८. तरी विनंती की, ज्यांनी मदत केली त्यांना पाय पाहता यावा म्हणून येत्या शुक्रवारी, होळीपूर्वी, मैनेस बाजारातून वाजतगाजत नेण्याची परवानगी व्हावी. बदकांना बोलावलेले नाही. परवानगी लवकर द्यावी ही विशेष विनंती, कारण आज सकाळी दावे तोडून मैना एकटीच नेरच्या रस्त्याला लागली, तिच्यामागे अर्धा तांडा धावला, आणि हा अर्ज त्या रस्त्यावरच, धावणे थांबले तेवढ्या वेळात लिहून घेतला आहे. ती पुन्हा निघाली.

आपल्या हुकुमाच्या वाटेकडे डोळे लावून, नम्र अर्जदार,

मानीबाई देवीलाल आडे
(डाव्या हाताचा अंगठा, घाईमुळे किंचित लांबट उमटला आहे)

लिहिणार : नागोराव, अर्जनवीस
नेर रस्ता, दि. ८ मार्च १९६५

सोबत : डॉक्टरसाहेबांचा दाखला, एक.