पूर्ण मुभा

११ फेब्रुवारी २००२, कडा

बीडहून निघालेली एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत रखडत एकदाची पोचली. अंग मोडून निघालं होतं, पण घर बघून शीण गेला. खाली पंचाक्षरी अप्पांचं भुसार दुकान, वर राहतं घर. त्यांच्या मुलानं, वीरेशनं, हौसेनं तीन कॉम्प्युटर आणलेत: एक दुकानात, एक स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, आणि सगळं साठवायचा मोठा कोठीत. ते जोडून कोठीतल्या फाइली घरभर उघडतील असं करून द्यायचं, हे माझं काम. कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना शिकवून घसा बसलेल्या मला हे माहेरपणच वाटतंय. अप्पांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, शेंगापोळ्या वाढून वाढून मला पार आडवं केलं. स्वप्नाली, तू लई वाळलीस म्हणे. आज प्रथमच भेटतोय आम्ही.

१२ फेब्रुवारी

वायरी ओढून झाल्या. नीलाबाईंना दुकानाच्या फाइलींशी देणंघेणं नाही, त्यांना रुद्राणी ऐकायचीय. रुद्राणी त्यांची मुलगी, दिवाळीत काविळीनं गेली. ती माइकसमोर बसून गाणी म्हणायची, वीरेशची नक्कल करून खो खो हसायची. ते सगळं कोठीतल्या कॉम्प्युटरवर आहे. पोळ्या लाटता लाटता लेकीचा आवाज कानावर पडावा, एवढीच त्यांची इच्छा. माझे डोळे भरून आले.

तिचं फोल्डर मी फक्त ऐकण्यापुरतं उघडं ठेवत होते, कुणाच्या हातून काही पुसलं जायला नको म्हणून. पण अप्पा ऐकेनात. आमच्या घरात दासोह हाय बाई, आल्यागेल्याला पान वाढल्याबिगर आमी जेवत न्हाई, मग हितंच कुलूप कावून? पासवर्ड नको, सगळ्यांना सगळं खुलं पाहिजे. मालक म्हणेल ती पूर्व दिशा. मी ऐकायची, बदलायची, पुसायची, सगळ्याची पूर्ण मुभा देऊन टाकली.

१४ फेब्रुवारी

आज एका गाण्याच्या शेवटी हाक ऐकू आली. आई. परवा ही हाक नव्हती, मी स्वतः शेवटपर्यंत ऐकलं होतं. फाइल आज दुपारी बदललेली दिसते, आणि दुपारी तर आम्ही सगळे जेवत होतो. नीलाबाई लाटणं टाकून धावत आल्या.

१५ फेब्रुवारी

ते गाणं आता नाही. त्याच्या जागी बोलणं आहे. आई, जेवलीस का. नीलाबाई माइकवर उत्तर देतात, की दुसरी फाइल बदलते. दुकानातल्या कॉम्प्युटरची वायर काढून बघितली, तरी बदलते.

आमच्याकडे दहाव्याला कावळ्यापुढं घास ठेवतात, काय राहून गेलं ते विचारतात, आणि मग माणसाला जाऊ देतात. या लिंगायतांच्यात ते नाही. अप्पा म्हणतात, लिंगैक्य झालं की माणूस शिवात मिळतं, मागं काई उरत न्हाई. म्हणजे तिला आता जा म्हणायची रीतच या घरात कुणाला ठाऊक नाही. मला भीती वाटते. आणि तिची दयाही येते.

१७ फेब्रुवारी

कळलं. ती जेवढं बोलते तेवढं तिचं गाणं खर्ची पडतं. आज म्हणाली, आई, मला गाणं आठवत न्हाई. मी नीलाबाईंपुढं हात जोडले. आता उत्तर देऊ नका, नाहीतर तिचं काहीच उरणार नाही. त्या म्हणाल्या, लेकरू बोलायलंय अन् मी कशी गप बसू.

वीरेश मालासाठी पुण्याला गेलाय.

१८ फेब्रुवारी

तिचं सगळं संपलं. हसणंसुद्धा. नीलाबाईंनी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, माझा आवाज घे.

आता त्यांचे ओठ हलतात, आवाज नाही. आवाज स्पीकरमधून येतो — लेकीशी बोलतो, लई बरं वाटायलंय म्हणतो. इकडं त्या पदर तोंडाशी धरून रडतायत. तेही मुकंच.

१९ फेब्रुवारी

अप्पांनी स्वतः सांगितलं, कुलूप लाव. मी मुभा काढायला बसले. स्पीकरमधून नीलाबाईंचा आवाज — नको लावू पोरी, मी बी आत हाय.

माझा हात थांबला. अप्पांनी पुढं होऊन बायकोला हाक मारली. फक्त नाव घेतलं —

अप्पा समोर उभे आहेत. ओठ हलतायत.

माइक उपटून फेकला. फरक नाही. आत तिघं गप्पा मारतायत, पंगतीला बसल्यासारखी. वीरेशची आठवण काढतायत —

खाली जीप थांबली. वीरेश आलाय. घरात पाऊल टाकलं की आधी आईला हाक मारतो तो. कुलूप लावलं तर ही तिघं कायमची आत — नाही लावलं तर तोही —

जिना चढतोय. त्यानं हाक मारायच्या आत मला