मावशींचा हंडा

रविवार, डिसेंबर १९६४

पुणे-लोणावळा-पुणे सायकल शर्यतीत आज अकरावा आलो, पण डोक्यात तो हंडाच आहे. जाताना कामशेतपाशी पंक्चर झालं. गावातल्या एक मावशी आम्हाला पाणी पाजायला रस्त्याकडेला बसल्या होत्या. मी घाईत मळकी ट्यूब सरळ त्यांच्या पिण्याच्या हंड्यात बुडवली! बुडबुडे आले, तेव्हा कळलं काय केलं ते.

"असू दे बाबा. पंक्चर गावलं न्हवं? पानी मी पुन्ना आनते."

विहीर किती लांब, तेही विचारलं नाही. आभार तर नाहीच. गाढव कुठला!

परतताना पाहतो तर हंडा पुन्हा भरलेला, शेजारी एक बादली. "ही तुमच्या टूबांसाठी," मावशी हसल्या.

चाक शाबूत होतं, तरी उतरलो. हंड्यापुढे ओंजळ धरली. मागचे तिघे पुढे निघून गेले. खुशाल जावोत.